‘फडणीस’ या आडनांवाचें मूळ आणि त्याचा प्रवास

जुन्या कागदांच्या शोधार्थ गांवोगांव हिंडणाऱ्यांच्या हातीं केव्हां ना केव्हां असा एखादा रुमाल येतोच, कीं ज्यावर मागाहून कोणीं तरी ‘फडणीस दप्तर’ एवढे दोनच शब्द लिहून ठेविले आहेत. रुमालाचा धनी सांगतो, ‘आम्ही नानांच्याच घराण्यांतले.’ घेणारासहि तें पटूं लागतें. कारण मराठ्यांच्या इतिहासांत ‘फडणीस’ म्हटलें म्हणजे बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना यांच्यावांचून दुसरें नांव सहसा मनांत येत नाहीं. मग त्या रुमालांतील परगण्याचे हिशेब, कौल, याद्या व खासगी पत्रें यांचा अर्थ पुण्याच्या कारभाराशीं जुळवून लावण्यांत येतो; आणि जे कागद एखाद्या लहानशा महालाचा खरा इतिहास सांगते, ते एका मोठ्या पुरुषाच्या नांवाखालीं मुके होऊन बसतात.

हा घोटाळा टळावा एवढ्याच हेतूनें या आडनांवाची थोडी चिकित्सा आम्ही येथें करीत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : ‘फडणीस’ हें मुळांत कुळाचें नांव नसून कामाचें नांव आहे. तें एका घरांतून चोहींकडे पसरलें नाहीं, तर जेथें जेथें तें काम होतें तेथें तेथें वेगवेगळ्या घरांत स्वतंत्रपणें उत्पन्न झालें. सबब, हें आडनांव धारण करणाऱ्या दोन इसमांत रक्ताचा संबंध असेलच असें नाहीं. उलट ज्याच्या आडनांवांत हा शब्द मुळींच नाहीं, तो एखादा गृहस्थ नानांचा अधिक जवळचा भाऊबंद निघूं शकेल.

(१) शब्दाचें मूळ

शब्दाचा उत्तरार्ध निर्विवाद आहे. फारसींत ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणें व ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. अखबारनवीस, अर्जीनवीस हे शब्द त्यावरूनच झाले. मराठींत याच ‘नवीस’चें ‘नीस’ असें आटोपशीर रूप झालें. वाकिया म्हणजे घडलेली हकीकत, ती लिहिणारा तो वाकनीस; जमेचा हिशेब लिहिणारा जमेनीस; पोतें म्हणजे खजिना, त्याचा हिशेब राखणारा पोतनीस; फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस. दक्षिणेंतील मुसलमानी शाह्यांच्या अमलांत दरबारी लिखाणांत फारसीचें वर्चस्व होतें, त्या काळाचा हा ठसा आहे. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून दरबारांतील यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजविले, व त्यांच्या प्रधानांत मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव आणि वाकनिसाचा मंत्री झाला. हीं वरच्या पायरीवरचीं नांवें रुजलीं. पंतअमात्य व पंतसचिव हीं तर पुढें घराण्यांचीं नांवें होऊन बसलीं. परंतु खालच्या पायरीवरील लिहिणारांचीं जुनीं नांवें लोकांच्या तोंडीं होतीं तशींच राहिलीं, आणि म्हणूनच आज महाराष्ट्रांतील अस्सल मराठी कुळांच्या आडनांवांत हा फारसी प्रत्यय आढळतो.

शब्दाच्या पूर्वार्धाविषयीं मात्र दोन मतें आहेत. एक मत असें कीं, फारसी ‘फर्द’ म्हणजे कागदाचा सुटा बंद अथवा याद, ती लिहिणारा तो फर्दनवीस. त्याचाच अपभ्रंश फडणवीस व पुढें फडणीस. दुसरें मत असें कीं, मराठी ‘फड’ म्हणजे जेथें कारकून मंडळी बसून कामकाज करीत ती कचेरी, आणि त्या फडाचा लेखक तो फडणीस. पहिल्या मताच्या पुष्ट्यर्थ इंग्रज ग्रंथकारांचे लेखन पुढें करण्यांत येतें. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं छापलेल्या आपल्या इतिहासांत नानांचें आडनांव ‘फर्नवीस’ असें वाचलें जाईल अशा अक्षरांनीं लिहिलें आहे. परंतु हा पुरावा फारसा बळकट नाहीं. कारण त्या काळचे इंग्रज आपल्या ‘ड’चा उच्चार ‘र’सारखा ऐकत व तसाच लिहीत. रायगडाचें नांव लिहितांनाहि त्यांनीं ‘गड’च्या जागीं ‘गुर’ असेंच केलें आहे. तेवढ्यावरून मूळ शब्दांत ‘र्द’ होता असें सिद्ध होत नाहीं.

आम्हांस असें वाटतें कीं, दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. ‘नवीस’ ज्यांच्या पुढें लागतो ते बहुतेक शब्द लिहिण्याच्या विषयाचे वाचक आहेत, लिहिण्याच्या जागेचे नव्हेत. म्हणून ‘फर्द’ हाच मूळ शब्द असणें अधिक संभवनीय. परंतु मराठींत ‘फर्द’ हा शब्द स्वतंत्रपणें ‘फर्द’ असाच चालत राहिला, ‘गर्दी’चीहि ‘गडी’ झाली नाहीं. तेव्हां याच एका सामासिक शब्दांत ‘र्द’चा ‘ड’ कां व्हावा? याचें उत्तर हेंच दिसतें कीं, ज्या जागीं बसून हा लेखक काम करी तिला मराठींत आधींच ‘फड’ म्हणत, आणि परक्या शब्दास ओळखीचा शब्द येऊन मिळाला. असे संकर मराठींत नवे नव्हेत. ‘चिटणीस’ या शब्दांत देशी चिठी व फारसी नवीस यांची अशीच सांगड पडली आहे.

‘फडणवीस’ व ‘फडणीस’ या दोन रूपांवरूनहि घराणीं निराळीं ठरविण्याचा मोह कित्येकांस होतो. नागपूर प्रांतीं ‘फडणवीस’, ‘चिटणवीस’ हीं लांब रूपें अधिक टिकलेलीं दिसतात हें खरें. तथापि नानांचें नांव दोन्ही प्रकारें लिहिण्याची वहिवाट आहे. रूपभेद हा देशपरत्वें पडलेल्या संवयीचा आहे, कुळभेदाचा नव्हे.

(२) फडणिसाचें काम

आडनांव इतक्या ठिकाणीं कां उत्पन्न झालें हें कळण्यास कामाचें स्वरूप पाहिलें पाहिजे. फडणीस म्हणजे केवळ पुण्याच्या हुजूर दप्तराचा मुख्य, असा समज आहे. तो अपुरा आहे. मराठी राज्यांत प्रत्येक मोठ्या महालांत व किल्ल्यावर दरकदार असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार व पोतनीस हे ते दरकदार होत. यांपैकीं फडणिसाकडे कागदांवर तारीख घालणें, रोजच्या जमाखर्चाची नोंद ठेवणें, हिशेब तपासणें व तयार करणें हें काम असे. मामलेदार बदले, परंतु दरकदार सहसा बदलत नसे. मामलेदारास त्याला स्वतःच्या अधिकारांत दूर करतां येत नसे. किंबहुना मामलेदारावर दाब राहावा म्हणूनच ही योजना होती. असा दरक बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे चाले.

आडनांवाच्या उत्पत्तीचें मर्म या वंशपरंपरेंत आहे. जें काम तीन तीन पिढ्या एका घरांत राहिलें, त्या कामाच्या नांवानें तें घर गांवांत ओळखलें जाऊं लागलें. म्हणजे जितके महाल आणि जितके किल्ले, तितकीं फडणिसांचीं घरें होण्यास जागा होती. शिवाय शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले, पटवर्धन अशा सरदारांनीं आपापले कारभार पुण्याच्याच धर्तीवर उभारले. त्यांच्या पदरींहि फडणीस आले. हीं घरें ज्ञातीनेंहि एक नव्हत. कोंकणस्थ, देशस्थ, कऱ्हाडे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभु अशा निरनिराळ्या ज्ञातींत ‘नीस’ प्रत्ययाचीं आडनांवें आढळतात तीं यामुळेंच.

याच न्यायानें मुजुमदार हें आडनांव पाहावें. महाराष्ट्रांत मुजुमदार, गुजराथेंत मजमुदार व बंगाल्यांत मजूमदार, असा एकच फारसी शब्द तीन प्रांतांत आडनांव होऊन राहिला आहे. या तिघांस एकमेकांचे भाऊबंद कोणी म्हणत नाहीं. फडणिसांच्या बाबतींत मात्र प्रांत एक व भाषा एक, म्हणून डोळ्यांस चकवा पडतो.

(३) वेळासचे भानू

आतां ज्या एका घराण्यामुळें हें आडनांव प्रसिद्धीस आलें त्याचा प्रवास पाहूं. नानांचें मूळ आडनांव भानू. त्यांचें मूळ गांव कोंकणांत बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेस समुद्रकांठीं असलेलें वेळास. उत्तरेस जवळच श्रीवर्धन. तेथें भटांचें घराणें देशमुखी करून होतें. सिद्दीच्या त्रासामुळें बाळाजी विश्वनाथ भट यांस श्रीवर्धन सोडावें लागलें, त्या वेळीं त्यांनीं भानूंचा आश्रय केला व पुढें उभयतां घाटावर आले, अशी परंपरा आहे. १७१३ सालीं शाहू छत्रपतींनीं बाळाजी विश्वनाथांस पेशवाईचीं वस्त्रें दिलीं, आणि त्यानंतर पेशव्यांकडील फडणिशी भानूंच्या घरांत आली.

नानांचे आजे बाळाजी महादेव हे पेशव्यांबरोबर दिल्लीच्या स्वारींत होते. तेथें १७१९ सालीं झालेल्या दंग्यांत ते मारले गेले. पेशव्यांचा जीव वांचविण्यासाठीं त्यांनीं स्वतःचा दिला, असें घराण्याची परंपरा सांगते. त्यांचे पुत्र जनार्दन बाळाजी. जनार्दनपंतांचे पुत्र बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना, यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं साताऱ्यास झाला. १७५६ सालीं जनार्दनपंत वारल्यावर नाना लहान वयांतच या कामांत शिरले. १७६१ सालच्या पानिपतच्या संहारांतून ते वांचले. त्यांची मातुःश्री मात्र त्या पळांत अंतरली. १३ मार्च १८०० रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. वांईजवळ कृष्णाकांठीं मेणवली येथें त्यांचा वाडा व घाट असून ‘मेणवली दप्तर’ या नांवानें त्यांच्या कागदांचा संग्रह इतिहासज्ञांस परिचित आहे.

वेळास, सातारा, पुणें, मेणवली असा हा सुमारें नव्वद वर्षांचा प्रवास होय. या प्रवासांत आडनांव केव्हां बदललें? एका विवक्षित दिवशीं तें बदललें नाहीं. बाळाजी महादेव फडणिशी करीत, तेव्हां ‘फडणीस’ हा त्यांचा हुद्दा होता. नानांच्या वेळीं तो हुद्दाहि होता आणि ओळखहि झाली होती. त्यांचे चुलतबंधु मोरोबा हेहि फडणीसच म्हणविले जात. १७७८ सालीं पुण्याच्या कारभारांत त्यांनीं नानांविरुद्ध उठावणी केली व त्यांस कैदेंत पडावें लागलें. त्या कालखंडांतील कागदांत नुसतें ‘फडणीस’ असें आलें, तर कोणते फडणीस हें ठरविल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. नानांच्या पश्चात् त्यांच्या पत्नी जिऊबाई लोहगडावरून निघून पुढें इंग्रजांच्या आश्रयानें पनवेलीस राहिल्या, त्या वेळीं त्या घरांत फड नव्हता, फडणिशी नव्हती, कारभारहि नव्हता. तरी नांव ‘फडणीस’ हेंच होतें. येथें हुद्द्याचें आडनांव झालें यांत संशय राहत नाहीं.

परंतु वेळासच्या सर्वच भानूंना फडणिशी मिळाली नव्हती. जे या कामांत आले नाहींत ते भानूच राहिले. म्हणजे मूळ एक असतां आडनांवें दोन झालीं. उलट दूरच्या एखाद्या महालाचे फडणीस, ज्यांचें वेळासशीं कांहींच नातें नाहीं, ते आडनांवानें नानांचे सखे दिसतात. नातें शोधणारानें ‘फडणीस’ या नांवामागें न लागतां ‘भानू’ या नांवाचा माग काढावा, हें यावरून उघड होईल.

(४) पद सर्वत्र आडनांव होतेंच असें नाहीं

याला जोडूनच एक सावधगिरी सांगितली पाहिजे. भटांचे पेशवे झाले. परंतु त्यांच्या पूर्वीं मोरोपंत पिंगळे व त्यांचे पुत्र यांनीं पेशवाई केली, तरी ते पिंगळेच राहिले. बाळाजी आवजी शिवछत्रपतींचे चिटणीस. त्यांचें मूळ आडनांव चित्रे. खंडो बल्लाळ त्यांचे पुत्र, व बखरकार मल्हार रामराव त्याच वंशांतले. हें घराणें चिटणीस या नांवानेंच प्रसिद्ध आहे. यावरून असें दिसतें कीं, पद हातचें गेलें म्हणजे घर मूळ नांवाकडे परततें, आणि पद पिढ्यान् पिढ्या टिकलें म्हणजे मूळ नांव मागें पडतें.

कधीं कधीं तर हुद्द्याच्या ऐवजीं चाकरीचा मुलूखच आडनांव होऊन बसे. गोविंदपंत बुंदेले हें याचें ठळक उदाहरण. हे मूळचे रत्नागिरीकडील नेवरें गांवचे खेर. पेशव्यांच्या वतीनें बुंदेलखंडांत कामगिरी केल्यामुळें ते बुंदेले म्हणविले गेले, व डिसेंबर १७६० मध्यें पानिपतच्या मोहिमेंत मारले गेले. ‘बुंदेले’ हें वस्तुतः तेथील राजपुतांचें कुलनाम. ज्यास गोविंदपंतांचें पूर्ववृत्त ठाऊक नाहीं तो केवळ आडनांवावरून कोंकणांतील या ब्राह्मणास छत्रसालाचा भाऊबंद समजेल. फडणीस नांवाच्या कागदांचेंहि नेमकें असेंच होत आहे.

(५) इंग्रजी अमलांतील स्थिति

पेशवाईंत आडनांव ही सैल वस्तु होती. पत्रांत बहुधा स्वतःचें व वडिलांचें नांव येई; ग्रंथांच्या पुष्पिकांत ‘इत्युपनामक’ म्हणून मूळ आडनांव येई; लोकांत हुद्दा चाले. एकाच माणसाचीं ही तिन्ही नांवें खरीं असत व त्याविषयीं कोणास अडचण वाटत नसे. १८१८ नंतर पेशव्यांचा फड मोडला. परंतु त्यानंतरच हें आडनांव पक्कें झालें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. शाळांचे पट, न्यायकचेऱ्यांचे दावे व महसुलाचीं पत्रकें यांना प्रत्येक माणसाचें एकच, न बदलणारें नांव हवें होतें. त्यांतच १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें इनामांची चौकशी जोरानें सुरू झाली. इनाम कोणास मिळालें व आजचा भोगवटदार त्याचा वंशज आहे कीं नाहीं, हें सिद्ध करण्याचा भार घराण्यांवर पडला. अशा वेळीं सनदेंतील ‘फडणीस’ हा शब्द आपल्या नांवापुढें असणें हिताचें होतें. ज्या घरांत तोंवर दोन्ही नांवें चालत, तेथें हुद्द्याचें नांव कां टिकलें याचें हें एक कारण दिसतें. या चौकशीच्या निमित्तानें तयार झालेल्या वंशावळी आज आपल्यापुढें येतात, तेव्हां त्या हक्क शाबीत करण्यासाठीं लिहिल्या होत्या हें विसरून चालणार नाहीं.

(६) संग्राहकांसाठीं कसोट्या

वरील विवेचनावरून, या आडनांवाचे कागद हातीं आल्यास पुढील गोष्टी पाहाव्या असें आम्ही सुचवितों.

पहिली, वडिलांचें नांव. बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव, बाळाजी महादेव व बाळाजी जनार्दन हे चार बाळाजी एकाच शतकांत होऊन गेले. पहिले दोघे पेशवे व पुढील दोघे आजे-नातू फडणीस. त्यांना निवडण्याचें साधन आडनांव नव्हे, पित्याचें नांव हेंच आहे.

दुसरी, कालनिर्देश. कागदावर सुहूर सन असल्यास तो आधीं उलगडावा. उदाहरणार्थ, ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२. त्यांत ५९९ मिळविले असतां मृगारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत १७७१ आणि पुढें ६०० मिळविले असतां १७७२ हा इसवी सन निघतो. काळ ठरला म्हणजे त्या वेळीं तो दरक कोणाकडे होता हा प्रश्न विचारतां येतो.

तिसरी, स्थळ. हिशेब कोणत्या महालाचे, गांवें कोणत्या तरफेंतील, हें पाहावें. सारा रुमाल एकाच महालाचा असेल, तर तो त्या महालाच्या फडणिसाचा असण्याचा संभव अधिक.

चवथी, मूळ आडनांव, गोत्र व कुलदैवत. हीं घरांतील वृद्धांस व उपाध्यायांस बहुधा ठाऊक असतात. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनीं आपलें मूळ गांव व पूर्वजांचीं नांवें लिहिलेलीं सांपडतात. तो लेख इनामासाठीं लिहिलेला नसतो, म्हणून त्याची साक्ष अधिक निर्मळ.

पांचवी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, रुमाल फोडूं नये. आडनांवावरून कागद वेगळे काढून ‘नानांचे’ म्हणून एका बाजूस व ‘किरकोळ’ म्हणून दुसऱ्या बाजूस ठेवण्याची हौस पुष्कळांस असते. जो कागद ज्या कागदांच्या सोबतीस होता, ती सोबत हाच त्याचा अर्धा पुरावा होय. शाई उडाली तरी कांहीं अक्षरें लागतात. परंतु एकदां तुटलेली सोबत पुन्हां जुळवितां येत नाहीं. रुमाल कोठें, कोणाच्या घरीं व कोणत्या स्थितींत मिळाला एवढें वर लिहून ठेवावें, आणि घराण्याविषयींचें अनुमान निराळ्या चिठीवर लिहावें, म्हणजे पुढील संशोधकास तें तपासतां येईल.

एखाद्या घराचा नानांशीं संबंध नाहीं असें ठरल्यानें त्या घराचा मान उणा होतो असें मुळींच नाहीं. ज्या लेखकांनीं आडवाटेच्या महालांत बसून साल-दरसाल जमाखर्च लिहिला, मामलेदार बदलले तरी दप्तर राखलें, त्यांच्या हातचे कागद हीच मराठी राज्याच्या रोजच्या व्यवहाराची साक्ष आहे. पुण्याच्या कारभाराविषयीं लिहिणारे पुष्कळ झाले. या दुसऱ्या फडणिसांचे रुमाल ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं ते आहेत तसे सांभाळावे व त्यांची याद करून प्रसिद्ध करावी, एवढी आमची विनंति आहे.